शिमल्यात कुटुंबासह एक दिवस: चढ वाचवत शहर कसं पाहावं

मे महिन्यात मुंबई-पुण्याहून शिमला-कुलू-मनालीला निघालेल्या कुटुंबांच्या कार्यक्रमात शिमल्याच्या वाट्याला बहुधा एकच मोकळा दिवस येतो. त्यात जाखू, मॉल रोड, व्हाइसरॉयचा वाडा, कुफ्री आणि नालदेहरा असं सगळं कोंबलं जातं. मग अर्धा दिवस गाडीत जातो, उरलेला पायऱ्यांवर, आणि संध्याकाळी रिजवर छान थंड वारं सुटतं तेव्हा घरातली निम्मी माणसं हॉटेलात पाय शेकत बसलेली असतात.

सगळा घोटाळा नकाशामुळे होतो. फोनवर हॉटेल ते मॉल रोड तीनशे मीटर दिसतं, पण त्या तीनशे मीटरांत दीडशे पायऱ्या असू शकतात हे फोन सांगत नाही. शिमल्यात अंतर किलोमीटरात मोजू नका, चढात मोजा. खालचा सगळा बेत याच हिशेबाने आखला आहे: आजी-आजोबा, चाळिशीतले आईबाप आणि शाळकरी मुलं अशी मंडळी डोळ्यांसमोर ठेवून.

१. आधी शहर खालून वर समजून घ्या

शिमला सुमारे २,२०० मीटर उंचीवर, पूर्व-पश्चिम पसरलेल्या डोंगरधारेवर वसलं आहे. महाबळेश्वरापेक्षा आठशे मीटर जास्त. फिरणाऱ्याला चार थर माहीत असले की पुरे.

सगळ्यात खाली कार्ट रोड. गाड्या, बस, टॅक्सी सगळं इथे. जुना बसस्टँड याच रस्त्यावर आहे आणि रेल्वे स्टेशनही याच पातळीच्या आसपास. त्याच्या वर लोअर बाजार: दाटीवाटीची दुकानं, भाजी, मसाले, भांडी, स्थानिकांची खरी खरेदी. त्याच्या वर मॉल रोड, आणि मॉलला लागूनच थोडं वर रिज, म्हणजे चर्चसमोरचं मोकळं पठार. मॉल आणि रिज जिथे मिळतात तो स्कँडल पॉइंट. तिथे लाला लजपतराय यांचा पुतळा आहे. चुकामूक झाली तर इथेच भेटायचं, असं सकाळीच सगळ्यांना, मुलांनाही, सांगून ठेवा. रिजच्याही वर उरतो तो जाखूचा डोंगर, २,४५५ मीटर.

मॉल आणि रिजवर पर्यटकांच्या गाड्या येत नाहीत. म्हणजे तुमची टॅक्सी कितीही महागडी असली तरी ती तुम्हाला कार्ट रोडवर सोडणार आणि तिथून वर जायचं काम तुमचं. त्यासाठी पर्यटन महामंडळाची लिफ्ट आहे. ती दोन टप्प्यांची आहे: पहिल्या लिफ्टने वर जायचं, मग बोगद्यासारख्या पट्टीतून थोडं चालायचं आणि दुसरी लिफ्ट पकडायची. पहिल्या लिफ्टमधून बाहेर पडल्यावर "पोचलो" असं वाटून माणसं तिथेच घुटमळतात, तसं करू नका. तिकीट माणशी थोडं असतं, सुटे पैसे हाताशी ठेवा. संध्याकाळी पाच ते आठ रांग लांबते. रात्री लिफ्ट कधी बंद होते हे वर जातानाच विचारून घ्या. हंगामाप्रमाणे वेळ बदलते आणि ती चुकली की रात्रीच्या पायऱ्या नशिबी येतात.

२. हॉटेल ठरवताना हे तीन प्रश्न विचारा

"मॉल रोडपासून दोन मिनिटं" या जाहिरातीवर जाऊ नका. ती दोन मिनिटं उभ्या पायऱ्यांचीही असू शकतात. पैसे भरण्याआधी फोन करून स्पष्ट विचारा:

- गाडी जिथे सोडेल तिथून हॉटेलच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? चढायच्या की उतरायच्या?
- हॉटेलात लिफ्ट आहे का, आणि आमची खोली रिसेप्शनच्या वर आहे की खाली? डोंगरउतारावरच्या इमारतीत रिसेप्शन पाचव्या मजल्यावर आणि खोल्या खाली असं सर्रास असतं.
- तिथून लिफ्टपर्यंतचा रस्ता साधारण सपाट आहे का?

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर दोनच जागा सोयीच्या: लिफ्टच्या वरच्या टोकाजवळ मॉलवर, किंवा लिफ्टच्या खालच्या टोकाजवळ कार्ट रोडवर. मधल्या थरातली हॉटेलं स्वस्त असतात आणि का स्वस्त असतात ते दुसऱ्या दिवशी पोटऱ्या सांगतात.

सामानासाठी कार्ट रोडवर आणि लिफ्टपाशी कुली मिळतात. नग किती, कुठपर्यंत आणि एकूण किती पैसे, हे सामान उचलण्याआधी ठरवा. स्टेशन आणि बसस्टँडवर "तुमचं हॉटेल भरलंय, दुसरं दाखवतो" म्हणणारे दलालही भेटतात. त्यांच्यासमोरच हॉटेलला फोन लावा, विषय संपतो.

३. काय काय घ्यायचं

कागदपत्रं: प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, लहान मुलांची आधार कार्डंही, कारण हॉटेलात नोंद करताना मागतात. परवाना वगैरे काही लागत नाही. औषधं सुरू असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये ठेवा.

कपडे: मे-जूनमध्येही एक स्वेटर किंवा जाकीट माणशी हवंच. दुपारी ऊन चटका देतं आणि सूर्य मावळताच गारठा पडतो, त्यामुळे एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. छत्री सोबत असू द्या. उन्हाळ्यातही दुपारनंतर अचानक पाऊस, कधी गारा येतात.

बूट: हा मुद्दा सोडू नका. मागे पट्टा असलेले, खाली खाचा असलेले. नव्या बुटांचं उद्घाटन शिमल्यात करू नका. सँडल हवीच असेल तर बोटं झाकणारी, कारण उतरताना बोटं पुढे आपटतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत सावलीतल्या रस्त्यावर बर्फ काचेसारखा गोठतो, तेव्हा साध्या स्पोर्ट्स शूजनीही पाय सटकतो.

बाकी: पाठीवरची एकच चेन असलेली पिशवी, कापडी पिशवी (हिमाचलात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे), पाण्याची बाटली, सुटे पैसे, गाडी लागू नये म्हणून डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी. चंदीगड-शिमला साधारण ११५ किलोमीटर. वरचा टप्पा वळणांचा. गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते, उलटी झाल्यावर तिचा उपयोग नाही. ज्याला लागतं त्याला पुढच्या सीटवर बसवा आणि मुलांना वळणावळणाच्या रस्त्यात फोन पाहू देऊ नका.

४. कुफ्री या दिवसातून काढून टाका

कार्ट रोडवर "एका दिवसात दहा पॉइंट" विकणारे भेटतील. यादीतले निम्मे पॉइंट म्हणजे रस्त्याकडेला गाडी थांबवून पाहायचं दृश्य असतं. ग्रीन व्हॅली त्यातलीच: सुंदर देवदारांची दरी, पण काम पाच मिनिटांचं. कुफ्री शिमल्यापासून सुमारे १६ किलोमीटर. हंगामात तेवढ्यालाच जाण्यायेण्यात तीन-चार तास सहज जातात. वर "पुढे घोड्याशिवाय जाताच येत नाही" असं सांगितलं जातं, आणि मे महिन्यात तिथे बर्फ नसतो. घोड्यांच्या वाटेवर चिखल आणि लीद असते, आजी-आजोबांना त्यात काही सुख नाही. मुलांना कुफ्रीचं प्राणिसंग्रहालय दाखवायचंच असेल तर त्यासाठी वेगळी सकाळ काढा.

शहर पाहायला एक दिवस पुरतो. शहर आणि कुफ्री दोन्हीला पुरत नाही.

५. सकाळी सात ते नऊ: रिज, गर्दीआधी

भरपेट नाश्ता करून निघू नका, हलकं काहीतरी खाऊन रिजवर या. यावेळी पठार जवळपास मोकळं असतं, हवा स्वच्छ असते आणि उत्तरेकडच्या बर्फाच्या रांगा दिसण्याची शक्यता दिवसभरात आत्ताच सगळ्यात जास्त. दुपारी ढग जमले की त्या झाकल्या जातात.

समोरचं पिवळसर क्राइस्ट चर्च १८४४ मध्ये बांधायला घेतलं आणि १८५७ मध्ये त्याचं रीतसर अभिषेक-अर्पण झालं. मुलांना इथे एक गोष्ट नक्की दाखवा. रिज ही नुसती फिरायची जागा नाही, ती पाणलोटाची रेघ आहे: एका उताराचं पाणी सतलजमार्गे सिंधूकडे, म्हणजे शेवटी अरबी समुद्राला जातं, आणि दुसऱ्या उताराचं यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागराला. पायाखाली इंग्रजांच्या काळातली पाण्याची मोठी टाकीही आहे, जिच्यातून शहराला पाणी जातं. भूगोलाच्या पुस्तकात वाचलेला "जलविभाजक" मुलांना इथे उभं राहून कळतो.

हिमाचली पोशाखातले फोटो काढणारे भेटतील. काढायचे तर किती फोटो, छापील की फोनवर, एकूण किती, हे आधी. घोड्यावरच्या फेरीचंही तसंच.

६. नऊ ते साडेअकरा: जाखू

पाय ताजे असताना सगळ्यात उंच जागा उरकायची. चर्चच्या बाजूने वर जाणारी वाट सुमारे दोन-अडीच किलोमीटरची, चढ साधारण अडीचशे मीटरचा. सिंहगडाच्या पायथ्यापासूनच्या चढाच्या निम्म्याहून कमी, पण इथे हवा विरळ, त्यामुळे रोज चालणाऱ्यालाही धाप लागते. धडधाकट माणसाला पाऊण ते एक तास.

ज्येष्ठांसाठी रोपवे आहे. खालचं स्थानक रिजच्या वरच्या अंगाला. तिथपर्यंतचा लहानसा चढ मात्र चालावाच लागतो, तो सावकाश, दोनदा थांबून चढा. पाळणा काही मिनिटांत वर पोचवतो. जोराचा वारा किंवा विजा असल्या की रोपवे थांबवतात, म्हणूनही सकाळची वेळ बरी. तिकीट रांग लावण्याआधी फलकावर नीट वाचा: एकेरी की येण्याजाण्याचं. घरातल्यांचे गुडघे चांगले असतील तर वर रोपवेने आणि खाली चालत, ही जोडी पैशाला आणि मजेला उत्तम. गुडघे दुखरे असतील तर उतरायलाही रोपवेच घ्या. गुडघ्याला चढापेक्षा उतार जड जातो.

वर हनुमानाचं मंदिर आणि २०१० मध्ये उभारलेली १०८ फूट उंच मूर्ती आहे. संजीवनी आणायला निघालेला हनुमान इथे टेकला, अशी श्रद्धा.

आता माकडं. जाखूची माकडं चष्मा ओढण्यात पटाईत आहेत. मागून किंवा कठड्यावरून येतात, चष्मा घेऊन झाडावर बसतात आणि खायला काही फेकलं की तो सोडतात. चष्म्याच्या बदल्यात खाऊ मिळतो हे त्यांना पक्कं ठाऊक झालं आहे. म्हणून:

- रोपवेतून उतरण्याआधीच चष्मा, गॉगल, टोपी आणि फोन चेनच्या पिशवीत टाका. चष्म्याशिवाय ज्यांना पायऱ्या दिसत नाहीत त्यांचा हात घरातल्या एकाने सतत धरायचा.
- प्रसादाची पुडी हातात लोंबकळत नेऊ नका. हातातली पिशवी दिसली की ती खाऊचीच, असं माकड धरून चालतं.
- डोळ्याला डोळा लावू नका, दात दाखवून हसू नका, पळू नका. मुलांना मधे घेऊन शांतपणे पुढे चला.
- काही हिसकावलंच तर ओढाताण करू नका. चावा तिथेच बसतो.

ओरखडा किंवा चावा बसला तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी सरकारी दवाखान्यात जा. इंदिरा गांधी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय लक्कड बाजाराच्या पलीकडे आहे आणि दीनदयाळ उपाध्याय रुग्णालय कार्ट रोडच्या बाजूला. "साधा ओरखडा आहे, मुंबईत गेल्यावर बघू" असं अजिबात करू नका.

७. साडेअकरा ते दीड: जेवण आणि विश्रांती

खाली आलात की दुपारी एकच्या आत जेवायला बसा. त्यानंतर मॉलवरच्या खाणावळीत जागा मिळायला वेळ लागतो. मॉलवरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये डोसा आणि कॉफी मिळते, आणि तिखट न खाणाऱ्या मुलांची तिथे सोय होते. स्थानिक चव हवी तर सिद्दू मागवा: आंबवलेल्या कणकेचा, आत अक्रोड, खसखस किंवा उडदाचं सारण भरलेला, वाफवलेला जाड उंडा. वरून तूप ओतून गरम खायचा. सारण तिखट आहे की गोड ते विचारा आणि एकाला एक पुरतो हे लक्षात ठेवा. तो आयता तयार नसेल तर वाफवायला वेळ लागतो, मुलं भुकेली असताना मागवू नका.

जेवल्यावर ज्येष्ठांना तासभर आडवं होऊ द्या. हा तास कापून कुठलाच पॉइंट पाहण्यात अर्थ नाही. संध्याकाळ त्याच्यावर उभी आहे.

८. दीड ते पाच: व्हाइसरॉयचा वाडा

मॉलच्या पश्चिमेला, स्कँडल पॉइंटपासून सुमारे चार किलोमीटरवर, ऑब्झर्व्हेटरी टेकडीवर १८८८ साली व्हाइसरॉयसाठी बांधलेली करड्या दगडाची भव्य इमारत आहे. आराखडा हेन्री अर्विन यांचा. १९४५ची शिमला परिषद इथेच झाली, गांधी, नेहरू, जिना यांची ये-जा या दारातून झाली. आज इथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. एक दिवस असणाऱ्या कुटुंबाने एखादीच इमारत आतून पाहायची असेल तर ती हीच.

जाताना लिफ्टने कार्ट रोडवर उतरा आणि टॅक्सी करा. टॅक्सी युनियनचे दर फलकावर लिहिलेले असतात. फक्त सोडायचं की थांबून परत आणायचं, आणि थांबण्याचे पैसे किती, हे वेगळं विचारा. अडचण बहुधा तिथेच होते.

आत ठरलेल्या गटागटाने, माहिती सांगणाऱ्याबरोबर सोडतात. म्हणून पोचल्याबरोबर आधी तिकीट काढून आपल्या गटाची वेळ घ्या आणि मगच बागेत फिरा. लोक उलट करतात, तासभर बागेत फोटो काढतात आणि मग शेवटच्या गटाचीही वेळ निघून गेलेली असते. आत फोटो काढू देत नाहीत. लाकडी जिना आणि छत सावकाश पाहा. सोमवारी सहसा बंद असतं. चौडा मैदानाजवळचं राज्य संग्रहालयही सोमवारी बंद असतं, म्हणून शिमल्याचा मोकळा दिवस सोमवारी येत असेल तर प्रवासाची आखणीच एक दिवस सरकवा.

परतताना ज्यांच्यात जोर आहे त्यांनी चौडा मैदान, विधानसभा, काली बाडी या बाजूने मॉलवर चालत यावं. आधी उतार, मग हळूहळू चढ, दोन्ही बाजूंना देवदार, आणि गर्दी नाही. सव्वा तास धरा. बाकीच्यांनी टॅक्सी आणि लिफ्ट. दोन्ही गट स्कँडल पॉइंटवर भेटतात.

९. संध्याकाळ: मॉल, गेटी आणि खरेदी

१८८७चं गेटी थिएटर मॉलवरच आहे, तेही अर्विन यांचंच. नाटकाची आवड असलेल्या मराठी घराने आतून पाहावं, तिकीट काढून दाखवतात. तालीम किंवा प्रयोग असेल तर बंद असू शकतं.

खरेदीत तीन ठिकाणी फसगत होते. शाल: यंत्रमागावरची शाल "हातमागाची कुल्लू" म्हणून विकली जाते. उलटी बाजू पाहा, लेबल मागा, आणि भावाचा अंदाज आधी मॉलवरच्या हिमाचल एम्पोरियममध्ये घ्या. फळं: मेच्या मध्यापासून जूनपर्यंत चेरी येते, ती लोअर बाजारात मॉलपेक्षा स्वस्त. पेटीचा वरचा थर नेहमीच देखणा असतो, म्हणून पेटी हातावर पालथी करून खालची फळं बघा. देठ हिरवा असेल तर माल ताजा. मे महिन्यातलं सफरचंद मात्र शीतगृहातलं, ताजं सफरचंद जुलैनंतर. आणि लक्कड बाजारातल्या लाकडी काठ्या: आजोबांना लगेच उपयोगी पडतात, पण विमानाने परतणार असाल तर काठी चेक-इन सामानात टाकावी लागू शकते, तेवढ्या लांबीची बॅग आहे का ते आधी बघा.

हिवाळ्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा हा सगळा बेत तासभर अलीकडे ओढा आणि काळोख पडायच्या आत उतारावरच्या पायऱ्या संपवा.

१०. दुसऱ्या दिवशीचं आदल्या रात्री ठरवा

मनालीकडे किंवा चंदीगडला निघणार असाल तर टॅक्सी सकाळी सातची सांगा. नंतर कार्ट रोड तुंबतो. चंदीगडहून विमान असेल तर रस्त्यासाठी चार तास आणि कोंडीसाठी वर दोन तास धरा. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, दरडी कोसळून रस्ता बंद होतो. त्या दिवसांत संध्याकाळचं विमान घ्या, किंवा एक रात्र चंदीगडला काढा.

छोट्या आगगाडीची (टॉय ट्रेन) हौस असेल तर तिला जाता-येता बसवा, फिरण्याच्या दिवसात नको. कालका-शिमला मार्ग १९०३चा, ९६ किलोमीटरचा, १०२ बोगद्यांचा. एका बाजूलाच पाच तासांहून जास्त लागतात. येताना रेल्वे, जाताना रस्ता हे बरं: चढताना गाडी हळू जाते, मुलं ताजी असतात, आणि परतीचं विमान रेल्वेच्या उशिरावर अवलंबून राहत नाही. मे महिन्याची तिकिटं आरक्षण खुलं झाल्या दिवशीच काढा.